बेगमपेटचा विमानतळ : पाहुणे आणि यजमान



आपल्या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानाचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा दखनी आणि मराठी यांच्या नात्यावर बोलेन, अशी बहुतेकांची अपेक्षा असणार. आयुष्यभर मी तेच शिकवले. परंतु आज मी आपल्या हैदराबाद शहराच्या जुन्या विमानतळाविषयी, म्हणजे बेगमपेटविषयी, बोलण्याचे ठरविले आहे. मराठीच्या प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

मी या शाळेत शिकत असताना, साठच्या दशकाच्या आरंभी, सरांनी आमच्या वर्गाला बेगमपेटचा विमानतळ दाखवायला नेले होते. डब्याच्या पिशव्या घेऊन आम्ही रांगेने कुंपणाशी उभे राहिलो. एक मोठे विमान उतरले, त्यातून सुटाबुटातली माणसे उतरली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पलीकडे एक चिमुकले विमान पुन्हा पुन्हा वर जात होते, घिरटी घालून खाली येत होते, जमिनीला चाके टेकवून पुन्हा उडत होते. त्याला आम्ही हसलो. परत आल्यावर सरांनी सर्वांना दहा ओळी लिहायला सांगितल्या. सर्वांनी मोठ्या विमानाविषयीच लिहिले. वह्या तपासून झाल्यावर सर एवढेच म्हणाले, "उतरणारे साहेब सर्वांना दिसले. शिकणारा मात्र एकालाही दिसला नाही."

हे वाक्य मला त्या वेळी फारसे कळले नाही. पुढे या विमानतळाचा इतिहास जसजसा वाचत गेलो, तसतसे ते अधिक अर्थपूर्ण वाटू लागले. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे म्हटले तरी चालेल.

आरंभ

हैदराबाद संस्थानाचा विमानविद्येशी संबंध प्रथम आला तो देणगीदार म्हणून. पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटिश हवाई दलाच्या एका तुकडीसाठी विमानांचा खर्च उचलला, आणि १९१८ साली त्या ११० क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धातही १५२ आणि २५३ या क्रमांकांच्या तुकड्या हैदराबादच्याच नावाने लढल्या. विमान इंग्लंडचे, वैमानिक तिकडचा, पैसा इथल्या रयतेचा आणि नाव संस्थानाचे, असा तो प्रकार होता. त्यातून हैदराबादच्या एखाद्या मुलाला विमान चालवता येऊ लागले असे नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले आणि भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ झाला. ते टपाल पुढे मद्रासला जात असे. वाटेतला थांबा सुरुवातीला बेल्लारी होता. काही काळाने त्या मार्गात हैदराबादचा समावेश झाला. त्याच १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्तेवाहतूक सुरू केली होती. रेल्वे, मोटार आणि विमान ही तिन्ही साधने एकाच सरकारी व्यवस्थेखाली वाढवावीत, असे धोरण संस्थानाने त्या काळात आखले. इतर बाबतींत मध्ययुगीन राहिलेल्या या राज्यात वाहतुकीचा विचार मात्र आधुनिक होता, हे मान्य केले पाहिजे.

बेगमपेटच्या विमानतळाचा जन्म याच दशकातला. त्याचे बीज हैदराबाद एअरो क्लबात आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आधी आली ती विमान चालवायला शिकणारी मंडळी. १९३७ च्या सुमारास प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहिली. म्हणजे या जागेवर पहिले पाऊल विद्यार्थ्याचे पडले आणि प्रवासी मागाहून आला.

ती जागाही विद्येला अपरिचित नव्हती. विमानतळाच्या अगदी जवळ एक जुनी इमारत आहे. तेथे सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूचा शोध लावला. बेगमपेट हे नाव मात्र दुसऱ्या निजामाच्या कन्येवरून पडले, असे सांगतात. बेगमेचे नाव, हिवतापाचा शोध आणि विमानांची शाळा, असा तो परिसर आहे.

युद्ध आणि डेक्कन एअरवेज

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारला वैमानिक हवे झाले. बेगमपेटला प्राथमिक उड्डाणशिक्षणाची शाळा निघाली. टायगर मॉथ नावाच्या दोन पंखी विमानांतून तरुण मुले पहिले धडे घेऊ लागली. युद्ध संपल्यावरही हवाई दलाने बेगमपेट सोडले नाही. पुढे याच शहराच्या परिसरात, दुंडिगल येथे, हवाई दलाची प्रबोधिनी उभी राहिली. तिचा पाया १९६७ साली राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या हस्ते घातला गेला. हैदराबादेत जन्मलेले इद्रिस हसन लतीफ १९७८ साली देशाचे हवाई दलप्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मुंबईस राहिले. संस्थानाने पूर्वी दुसऱ्यांच्या तुकड्यांना आपले नाव दिले होते. आता या शहराचा एक सुपुत्र स्वतंत्र देशाच्या हवाई दलाचे नेतृत्व करीत होता. या दोन अवस्थांमधले अंतर शिक्षणाने कापले.

१९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. बेगमपेट हे तिचे घर. युद्धातून मोकळी झालेली डाकोटा विमाने घेऊन तिने प्रवासी वाहतूक सुरू केली. या कंपनीची एक गोष्ट आपल्या विद्यार्थिनींना मी मुद्दाम सांगू इच्छितो. प्रेम माथुर या तरुणीने १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. परंतु स्त्रीच्या हाती विमान द्यायला कंपन्या तयार नव्हत्या. अनेक ठिकाणांहून नकार आले. शेवटी त्यांना घेतले ते डेक्कन एअरवेजने. भारतातील पहिली व्यावसायिक महिला वैमानिक या शहराच्या कंपनीतून उडाली, आणि १९४९ साली तिने राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. ज्या संस्थानाची कीर्ती पडद्यासाठी होती, त्याच्या सरकारी भागीदारीच्या कंपनीत हे घडले. इतिहासाचे ठोकळे करून ठेवणाऱ्यांनी अशा गोष्टी विसरू नयेत.

१९४८ आणि त्यानंतर

आता १९४८ सालाकडे वळू. आपल्या घराघरांतून त्या वर्षाच्या आठवणी आहेत, म्हणून मी विस्तार करीत नाही. विमानांच्या दृष्टीने एवढेच सांगतो की, संस्थान भारतात विलीन होऊ नये म्हणून जी धडपड चालली होती, तिच्यात आकाशमार्गाचाही वापर झाला. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी शस्त्रे भरलेली विमाने आणीत असे, आणि ती बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत संपली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर आले. स्वामीजी मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबेजोगाईत त्यांनी मुले घडवली, आणि त्यातूनच मराठवाड्यातील कार्यकर्त्यांची पिढी उभी राहिली. हा माणूस आणि बेगमपेट यांचे नाते पुढे यायचे आहे. तूर्त त्यांचे नाव लक्षात ठेवावे.

फेब्रुवारी १९४९ मध्ये सरदार पटेल हैदराबादला आले. बेगमपेटच्या विमानतळावर निजाम मीर उस्मान अली खान हात जोडून त्यांच्यासमोर उभे आहेत, हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या राजाकडे १९११ पासून माणसे नजराणा घेऊन जात, तो आता पाहुण्याला सामोरा गेला होता. सार्वभौमत्व कोणाकडून कोणाकडे गेले, हे सांगायला करारनाम्याची कलमे वाचावी लागतात. त्या एका छायाचित्रात ते निरक्षर माणसालाही कळले. विमानतळ हे राजकारणाचे व्यासपीठ कसे होते, याचे आपल्या शहरातील हे पहिले मोठे उदाहरण आहे.

परंतु त्यानंतर दोनच वर्षांनी दुसरा एक पाहुणा या शहरात आला, आणि तो विमानतळावर उतरला नाही. एप्रिल १९५१ मध्ये विनोबा भावे वर्ध्याकडून पायी चालत शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला आले, आणि तेथून तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला. मी विमानविद्येचा विरोधक नाही. तरी या शहराच्या इतिहासात मोठी माणसे विमानातूनच उतरतात असा समज होऊ नये, म्हणून हा उल्लेख केला.

१ ऑगस्ट १९५३ रोजी विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्यच विसर्जित झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे राहिलेले मराठी भाषक अल्पसंख्य झालो. आपल्यापैकी अनेकांचे चुलते, मामा, आत्या सीमेपलीकडे गेले.

डेक्कन एअरवेज गेली, तरी विमानशिक्षणाची परंपरा राहिली. इंडियन एअरलाइन्सने आपले केंद्रीय प्रशिक्षण केंद्र हैदराबादेतच चालवले. जमिनीवर स्थिर असलेल्या यंत्रात बसून, खऱ्या संकटात न पडता संकटाचा सराव करणारे वैमानिक देशभरातून येथे येत. दिल्ली-मुंबईच्या विमानात बसलेल्या प्रवाशाला आपल्या वैमानिकाने धडे कोठे गिरवले, हे ठाऊक नसे.

राजकारणाचे अंगण

फेब्रुवारी १९८२ ची घटना आंध्र प्रदेशाच्या राजकीय इतिहासात नोंदली गेली आहे. तेव्हा खासदार असलेले राजीव गांधी बेगमपेटला उतरले. मुख्यमंत्री टी. अंजय्या यांनी स्वागतासाठी मोठी गर्दी आणि वाजतगाजत समारंभ योजला होता. तो न रुचल्यामुळे राजीव गांधींनी मुख्यमंत्र्यांना विमानतळावर सर्वांदेखत फटकारले. त्याच महिन्यात अंजय्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. २९ मार्च १९८२ रोजी चित्रपटअभिनेते एन. टी. रामाराव यांनी तेलुगु देशम पक्ष स्थापन केला. तेलुगु माणसाचा स्वाभिमान ही त्यांची घोषणा होती, आणि विमानतळावरचा तो अपमान लोकांच्या मनात ताजा होता. जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. राजकीय बदलाची कारणे अनेक असतात. काँग्रेसमधील गटबाजी आणि वारंवार बदललेले मुख्यमंत्री ही त्यांतली महत्त्वाची होत. परंतु कारणे अनेक असली तरी लोकांना ती समजण्यासाठी एक दृश्य लागते. ते दृश्य बेगमपेटने पुरवले.

पुढे या विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय इमारतीला राजीव गांधींचे आणि देशांतर्गत इमारतीला एन. टी. रामाराव यांचे नाव दिले गेले. एकाच धावपट्टीच्या दोन दारांवर ही दोन नावे आली.

नव्वदच्या दशकापासून बेगमपेटचे रूप झपाट्याने बदलले. करीमनगर, निजामाबादकडचे मजूर आणि जुन्या शहरातील कारागीर आखाती देशांत जात. त्यांच्या निरोपासाठी सगळे कुटुंब जीप करून येई आणि बाहेरच्या कट्ट्यावर रात्र काढी. त्यांच्या शेजारूनच संगणक क्षेत्रातली मुले अमेरिकेला निघत. २४ मार्च २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन हैदराबादेत आले, ३ मार्च २००६ रोजी बुश आले. शहराची कीर्ती वाढली, पण विमानतळाभोवती चारही बाजूंनी वस्ती झाली होती. धावपट्टी सुमारे सव्वातीन किलोमीटर लांब असली तरी प्रवासी, मोटारी आणि विमाने यांना जागा पुरेना.

डिसेंबर २००४ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांचे पार्थिव दिल्लीहून बेगमपेटला आणले गेले. २३ तारखेला ते गेले आणि २५ तारखेला हुसेनसागराच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. भारताचे माजी पंतप्रधान म्हणून जग त्यांना ओळखते. आपल्या दृष्टीने ते हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेणारे भाषांतरकार, पुण्यात शिकलेले आणि स्वामी रामानंद तीर्थांचे अनुयायीही होते. स्वामीजींचे निधन २२ जानेवारी १९७२ रोजी याच शहरात झाले, आणि त्यांचे स्मारक बेगमपेटलाच आहे. ज्या परिसरात मंत्री, अध्यक्ष आणि राजे उतरले, त्याच परिसरात हिप्परग्याच्या मुख्याध्यापकाची समाधी आहे. विमानतळाकडे जाताना आपल्यापैकी किती जणांनी तिकडे मान वळवली असेल, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

निवृत्ती की पुनरारंभ

नव्या विमानतळाचा करार डिसेंबर २००४ मध्येच झाला आणि मार्च २००५ मध्ये शमशाबादला पायाभरणी झाली. करारात एक अट होती : नवा विमानतळ सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षे त्याच्या १५० किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नागरी प्रवासासाठी चालवायचा नाही. कारण उघड होते. खासगी भांडवल गुंतवणाऱ्याला प्रवाशांची खात्री हवी होती, आणि बेगमपेट चालू राहिले असते तर शहराच्या मधोमध असलेले ठिकाण सोडून कोणी दूर गेले नसते. विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी मार्च २००८ मध्ये याविरुद्ध संप केला. तो निष्फळ ठरला. २२ मार्च २००८ च्या मध्यरात्री बेगमपेटची नियमित प्रवासी वाहतूक थांबली आणि २३ मार्चपासून सर्व विमाने शमशाबादला उतरू लागली.

या अटीची छाया दूरवर पडली. बीदर १५० किलोमीटरच्या आत येत असल्यामुळे तेथील नागरी विमानसेवा वर्षानुवर्षे रखडली आणि नव्या विमानतळाच्या चालकांच्या संमतीनंतर फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. १९४८ साली शस्त्रांची विमाने जेथे गुपचूप उतरत, त्या बीदरला साध्या प्रवाशाच्या विमानासाठी एवढी वाट पाहावी लागली.

बेगमपेट बंद झाल्याचे अनेकांना वाईट वाटले. मलाही वाटले. त्या दिवसांत जो तो बेगमपेट "मेले" असेच म्हणत असे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. प्रवाशांची विमाने गेल्यावर नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, बेगमपेटला मेट्रो रेल्वेचे स्थानक झाले. जेव्हा जायचे होते तेव्हा वाट अडलेली होती, आणि वाट मोकळी झाली तेव्हा जाण्याचे कारण उरले नव्हते.

परंतु बेगमपेट मेले, हे खरे आहे काय? हवाई दलाचे केंद्र तेथे आहेच. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि इतर मान्यवर यांची विमाने तेथे उतरतात. विमान चालवण्याचे आणि दुरुस्तीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी त्या आवारात काम केले आहे. दर दोन वर्षांनी देशातील नागरी विमानांचे मोठे प्रदर्शन तेथे भरते. ३ मार्च २०१० रोजी अशाच प्रदर्शनात नौदलाच्या 'सागर पवन' पथकाचे एक विमान कसरत करताना शेजारच्या वस्तीत कोसळले आणि दोन्ही वैमानिक अधिकारी मृत्युमुखी पडले. दाट वस्तीतल्या धावपट्टीची मर्यादा त्या दिवशी सर्वांना कळली, आणि तीही नोंदवली पाहिजे. शेवटी, ५ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी नागरी विमानवाहतूक संशोधन संस्थेचे लोकार्पण केले. ती संस्था बेगमपेटच्याच आवारात आहे.

हा सर्व क्रम एका ओळीत मांडून पाहा. आरंभी एअरो क्लब, युद्धात उड्डाणशाळा, मग वैमानिकांचे प्रशिक्षण आणि आता संशोधन संस्था. निजाम, पटेल, राजीव गांधी, क्लिंटन आणि आखातात जाणारे मजूर हे सर्व येथे आले आणि गेले. ते पाहुणे होते. जी मंडळी शिकत आणि शिकवीत राहिली, ती या घरची यजमान होती. पाहुण्यांची वर्दळ सरली म्हणजे घर ओसाड पडले असे आपण समजतो, कारण आपली नजर पाहुण्यांवर असते. कुंपणाशी उभे राहून मोठ्या विमानाला टाळ्या वाजवणाऱ्या मुलांची चूक आपण सर्वांनी मोठेपणीही केली.

शहराच्या मध्यावरची एवढी मोकळी जमीन पाहून उद्या कोणाला तेथे इमारती उभाराव्यात असे वाटेल, त्याचे आर्थिक गणितही मांडले जाईल. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. पण तेथून किती प्रवासी जातात, या एकाच मापाने त्या जागेचे मोल ठरवू नये, एवढे इतिहासाच्या आधारे म्हणण्याचा मला अधिकार आहे.

आता शेवटचे. १९५६ नंतर या शहरातल्या मराठी शाळांचेही असेच झाले. एके काळी येथून प्रशासनात, न्यायालयात, रेल्वेत माणसे जात. पुढे मराठी माध्यमाच्या तुकड्या आटल्या. आपल्या शाळेत आज मराठी घेणारी मुले किती, हा आकडा वार्षिक अहवालात सर्वांनी वाचला आहे, आणि तो वाचून काही हितचिंतक विचारतात की हा वर्ग चालवायचा कशासाठी. त्यांना माझे उत्तर असे की, संख्या ही पाहुण्यांची मोजायची असते. एक मूल शिकत आहे आणि एक शिक्षक शिकवीत आहे, तोवर घर चालू आहे. त्याचे स्वरूप बदलेल. कदाचित हा वर्ग उद्या तेलुगु आणि उर्दू भाषक मुलांना मराठी शिकवील, भाषांतरकार घडवील. नरसिंह रावांचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. पण दार बंद करू नये.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी काहींच्या वडिलांनी, आजोबांनी डेक्कन एअरवेजमध्ये, इंडियन एअरलाइन्समध्ये, फ्लाइंग क्लबात, विमानतळाच्या कार्यशाळेत नोकरी केली असेल. त्यांची ओळखपत्रे, पत्रे, जुनी छायाचित्रे घरात पडून असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. ज्यांना आठवते त्यांनी चार पाने मराठीत लिहून द्या. पाहुण्यांचा इतिहास वर्तमानपत्रांत सापडतो. यजमानांचा घरच्या पेटीतच असतो.

साठ वर्षांपूर्वी सरांनी सांगितलेल्या दहा ओळी मला तेव्हा नीट लिहिता आल्या नव्हत्या. त्या आज त्यांच्या स्मृतीस अर्पण करतो.